आवाज कुठे वळला?

पावसाळा लागला की रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत घरच्या कॉम्प्युटरची एक तक्रार वाढते. लाईट जाते, काही वेळाने येते, कॉम्प्युटर पुन्हा सुरू होतो, पडद्यावर व्हिडिओ नीट चालतो आणि स्पीकर मात्र गप्प. स्पीकरचा दिवा लागलेला असतो, आवाज शंभरवर असतो. मग "साउंड कार्ड उडालं" असा निकाल लागतो आणि मशीन तालुक्याच्या गावी दुरुस्तीला निघतं. या निकालाची घाई करू नका, असं मला मनापासून सांगायचं आहे. बहुतेक वेळा काहीच उडालेलं नसतं. आवाज तयार होत असतो आणि वाहतही असतो, पण तो दुसऱ्याच वाटेला लागलेला असतो. वाडीत पाट सोडल्यावर मधला मातीचा बांध फुटला तर पोफळी कोरड्या राहतात आणि सगळं पाणी भलत्याच माडाच्या आळ्यात जातं. तेव्हा विहीर खणायला कोणी घेत नाही, आधी बांध बघतात.

साध्या घरगुती कॉम्प्युटरलाही आवाज सोडायच्या चार-पाच वाटा असतात. मागचं हिरवं भोक, पुढचं हेडफोनचं भोक, मॉनिटरकडे जाणारी एचडीएमआय केबल, यूएसबी आणि ब्लूटूथ. यातली कोणती उघडी ठेवायची हे मशीन स्वतः ठरवतं, आणि ते ठरवतं बातमीवरून: अमुक ठिकाणी काही जोडलं गेलं, तमुक ठिकाणचं काढलं गेलं. बातमी चुकीची पोचली की निर्णय चुकतो.

पूर्वी असं नव्हतं. हेडफोनच्या पिनेचं मूळ एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये आहे. तिथले ऑपरेटर जाड पिना हातांनी भोकांत खुपसून एका माणसाची तार दुसऱ्याच्या तारेला जोडत. ती पिन 6.35 मिलिमीटरची होती. आपली 3.5 मिलिमीटरची पिन तिचं धाकटं रूप आहे. ट्रान्झिस्टर रेडिओने ती घरात आणली आणि 1979 मध्ये आलेल्या वॉकमनने ती सगळीकडे नेली. त्या रेडिओच्या जॅकमध्ये, म्हणजे पिनेच्या भोकात, धातूची एक लवचिक पट्टी असे. पिन आत गेली की पट्टी उचलली जाई आणि स्पीकरची तारच तुटे. पिन काढली की पट्टी खाली बसे आणि स्पीकर परत बोलू लागे. वाट वळवण्याचं काम धातू स्वतः करत होता.

आजच्या कॉम्प्युटरमध्ये पट्टी आहे, पण तिच्याकडे फक्त खबर देण्याचं काम उरलं आहे. इंटेलने 2004 मध्ये 'एचडी ऑडिओ' नावाची पद्धत आणली, आणि आजही बहुतेक मदरबोर्ड तीच वापरतात. तिच्यात प्रत्येक जॅकच्या स्विचमागे वेगवेगळ्या मापाचा रोध बसवलेला असतो: 5.1, 10, 20 आणि 39.2 किलोओहम. चारही जॅक मिळून एकच तार आवाजाच्या चिपकडे जाते. त्या तारेवरचा एकूण रोध मोजून चिप ओळखते की कोणत्या भोकात पिन आहे आणि कोणत्या भोकात नाही. मापं अशी निवडली आहेत की कोणत्याही दोन-तीन जॅकचा एकत्रित रोध वेगळाच निघावा. एका तारेवर चार ठिकाणची हजेरी घेणारी ही रचना मला फार सुंदर वाटते. चिपने हजेरी घेतली की ती ड्रायव्हरला, म्हणजे चिप चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, कळवते, आणि स्पीकर बंद करून हेडफोन सुरू करायचा की उलट, हे ड्रायव्हर ठरवतो.

कोकणातली हवा नेमकी या हजेरीच्या आड येते. लाटा फुटताना उडणारे खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म थेंब वाऱ्याबरोबर आत येतात, पाणी उडून जातं आणि मिठाचे कण वस्तूंवर बसतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः त्यात विरघळतं. समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याहून पुष्कळ कमी आर्द्रतेलाच पाणी ओढू लागतं. पावसाळ्यात बरणीतल्या खडे मिठाला पाणी सुटतं ते यामुळेच. आणि किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हवा बहुतांश वेळ 75 टक्क्यांच्या वरच असते. म्हणजे हे चार महिने जॅकच्या आतल्या पट्टीवर खाऱ्या पाण्याचा अतिशय पातळ थर सतत असू शकतो. त्यातला क्लोराइड मुलाम्याच्या बारीक छिद्रांतून आत शिरतो आणि खालच्या तांब्याच्या मिश्रधातूवर हिरवट थर चढवतो. हा थर वीज नीट जाऊ देत नाही.

आता पट्टीचा प्रकार बघा. काही जॅकमध्ये पिन नसताना स्विच मिटलेला असतो. तिथे थर चढला की पिन काढल्यावरही स्विच नीट मिटत नाही आणि मशीन समजतं की हेडफोन अजून लावलेलाच आहे. लॅपटॉपचे स्पीकर अचानक मुके होतात त्याचं हे नेहमीचं कारण आहे. काही जॅकमध्ये उलट, पिन घातल्यावर स्विच मिटतो. तिथे दमट खारट थरातून झिरपणारी वीज नसलेल्या पिनेची खबर देऊ शकते. भिजलेल्या मोबाइलवर हेडफोनचं चिन्ह उगाच उमटतं, तो हाच प्रकार.

यावरचा उपाय साधा आहे, पण हळुवार हाताने करायचा. मशीन बंद करा, लॅपटॉप चार्जरवरून काढा आणि हेडफोनची कोरडी पिन बऱ्याच वेळा आत-बाहेर करा. घासण्याने पट्टीवरचा थर पुष्कळदा निघतो. नाही निघाला तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मिळतो. त्याचा थोडा फवारा पिनेवर मारून पुन्हा तेच करा आणि पूर्ण वाळू द्या. खोबरेल किंवा शिलाईमशीनचं तेल घालू नका, त्यावर धूळ बसून गोष्ट आणखी बिघडते. सेफ्टीपिनने कोरूही नका, पट्टी एकदा वाकली की मग खरोखरच दुरुस्तीवाला लागतो.

पावसाळ्यात कॉम्प्युटर रोज थोडा वेळ चालू ठेवावा असं जुनी माणसं सांगतात, त्यात तथ्य आहे. 27 अंशांची, 90 टक्के आर्द्रतेची हवा मशीनच्या उबेने 37 अंशांवर गेली की तिची सापेक्ष आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास येते. हवेतलं पाणी तेवढंच राहतं, पण ते धातूवर बसण्याची ओढ कमी होते.

लाईट जाऊन आल्यावर होणारा घोळ मात्र मिठाचा नसतो. त्याचं मूळ बहुधा एचडीएमआयमध्ये असतं. या केबलमधून चित्राबरोबर आवाजही जातो. तिची 19 क्रमांकाची पिन 'मी आलो' एवढंच कळवते. त्यानंतर मॉनिटर स्वतःची माहिती पाठवतो: माझा पडदा एवढा आणि मला आवाजही चालतो. पुष्कळ मॉनिटरना स्पीकर नसतो, पाठीमागे फक्त हेडफोनचं भोक असतं, तरी ते 'आवाज चालतो' असं कळवतातच. कॉम्प्युटर आधी सुरू झाला आणि मॉनिटर मागून आला, किंवा मॉनिटर झोपेत जाऊन परत जागा झाला, की ही हजेरी पुन्हा लागते. मग कधीकधी आवाज त्या मुक्या मॉनिटरकडे वळतो.

हे ओळखायला विंडोजमध्ये फार चांगली जागा आहे आणि ती फार कमी लोक बघतात. साउंडच्या सेटिंगमध्ये 'मोअर साउंड सेटिंग्ज' उघडा, तिथे 'प्लेबॅक' ही यादी दिसेल. एखादं गाणं सुरू ठेवून ती यादी बघा. ज्या उपकरणाकडे आवाज चालला आहे त्याच्या शेजारी हिरवी पट्टी वर-खाली होते. पट्टी स्पीकरसमोर हलत असेल आणि आवाज नसेल, तर केबल, स्पीकर किंवा जॅक तपासा. पट्टी मॉनिटरच्या नावासमोर हलत असेल तर बांध सापडला. स्पीकरवर राइट-क्लिक करून त्याला डिफॉल्ट, म्हणजे नेहमीची वाट, करा, आणि मॉनिटरमधून आवाज कधीच नको असेल तर त्या नोंदीला डिसेबल करून टाका. पट्टी कुठेच हलत नसेल तर बहुधा तो प्रोग्रॅमच अडला आहे. स्पीकर डिफॉल्ट करूनही पट्टी मॉनिटरसमोरच हलत राहिली, तर लाईट जाण्याचा त्याच्याशी संबंध नसेलही, कारण 2018 पासून विंडोज 10 मध्ये प्रत्येक प्रोग्रॅमसाठी आवाजाची वेगळी वाट ठरवता येते, आणि एकदा ठरवलेली वाट आपण विसरतो.

विंडोज 8 पासून 'शट डाउन' केल्यावर मशीन पूर्ण विसरत नाही, ड्रायव्हरची अवस्था डिस्कवर जपून ठेवतं. म्हणून बंद करून चालू करण्याऐवजी 'रीस्टार्ट' करावं, त्यात सगळी हजेरी नव्याने होते. लिनक्सवर अल्सामिक्सर या आवाज जुळवायच्या प्रोग्रॅममध्ये 'ऑटो-म्यूट मोड' नावाची नोंद असते. जॅकची खोटी खबर पिच्छा सोडत नसेल तर ती बंद करा, स्पीकर बोलू लागतील. मदरबोर्डसोबत आवाजाची चिप बनवणाऱ्या रिअलटेक कंपनीचा प्रोग्रॅम आलेला असेल तर त्यातही पुढच्या जॅकची ओळख बंद करता येते.

ब्लूटूथची तऱ्हा वेगळी. तिथे वाट बरोबर असूनही आवाज बिघडतो. गाण्यासाठी साधारणपणे दर सेकंदाला आवाजाच्या लहरीचे 44,100 नमुने पाठवले जातात. मीटिंग सुरू होऊन हेडफोनचा माइक चालू झाला की जुन्या पद्धतीची जोडणी बोलण्याच्या साच्यात जाते आणि 8,000 किंवा 16,000 नमुन्यांवर येते. 8,000 नमुन्यांत 4,000 हर्ट्झच्या वरचं काहीच मावत नाही. ऑनलाइन भजनाच्या सरावात झांजेची किणकिण हरवते आणि पखवाज डब्यातून वाजल्यासारखा होतो, तो यामुळे. माइक लॅपटॉपचा आणि कान हेडफोनचे अशी निवड केली की गाणं पुन्हा पूर्ववत येतं.

इतकं करूनही जॅक दाद देत नसेल तर छोटं यूएसबी साउंड कार्ड घ्या. आवाजाची चिप त्याच्यातच असते, त्यामुळे मदरबोर्डवरच्या गंजलेल्या पट्टीशी संबंधच उरत नाही. ते नेहमी एकाच यूएसबी भोकात लावा. भोक बदललं की विंडोज पुष्कळदा त्याला नवं उपकरण समजतं, नावामागे '2-' लावतं आणि डिफॉल्टची निवड पुन्हा करावी लागते.