भूकंप समुद्रात, धाकधूक लातुरात

३० जुलै २०२५ रोजी रशियाच्या कामचाटका किनाऱ्याजवळ समुद्रतळाखाली ८.८ क्षमतेचा भूकंप झाला आणि टीव्हीवर दिवसभर त्सुनामीचे नकाशे फिरत राहिले. लातूर-धाराशिवकडे असा आकडा कानावर पडला की माणूस आधी किल्लारीशी ताळा करून बघतो. किल्लारीचा भूकंप ६.२ चा (काही नोंदींत ६.४ सापडतो, मोजपट्टी वेगळी, एवढंच). सहाने एवढा कहर केला, तर जवळपास नऊ काय करील?

क्षमता एका अंकाने वाढली की सुटणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. त्या हिशेबाने कामचाटकात किल्लारीच्या जवळजवळ आठ हजार पट ऊर्जा सुटली. तरी तिथे जीवितहानी जवळपास झालीच नाही. आणि आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जन आटोपून गावं झोपलेली असताना, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. किती ऊर्जा सुटली, एवढंच क्षमतेवरून कळतं. त्यातली आपल्यापर्यंत किती येते आणि कशी येते, हे अंतर आणि खोलीवर ठरतं. घर टिकणार की नाही, ते भिंतीवर.

समुद्रातल्या मोठ्या भूकंपात बहुतेक वेळा एक भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा अवाढव्य तुकडा) दुसऱ्याखाली सरकत असतो. सरकताना दोघे अडकतात. वरच्या पट्टाची कड शेकडो वर्षं खाली ओढली जाते आणि अडकलेला भाग तुटला की ती उसळून वर येते. तिच्यावरचं सगळं पाणी, तळापासून पृष्ठभागापर्यंत, एकदम उचललं जातं. त्सुनामी ती हीच. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळ ९.१ चा भूकंप झाला तेव्हा सुमारे १३०० किलोमीटर लांबीची भेग फाटली. चार किलोमीटर खोल समुद्रात अशी लाट ताशी ७०० किलोमीटरने जाते, पण जहाजावरच्या माणसाला तिचा पत्ताही लागत नाही. पाणी ५० मीटरवर आलं की वेग ८० वर उतरतो, मागचं पाणी पुढच्यावर चढतं आणि लाट उंचावते.

पण समुद्रातला प्रत्येक मोठा भूकंप त्सुनामी आणतोच असं नाही. ११ एप्रिल २०१२ ला त्याच सुमात्राजवळ ८.६ चा भूकंप झाला. किनारे रिकामे करायला घेतले, आणि लाट आली जेमतेम मीटरभराची. त्या वेळी खडक एकमेकांना घासून आडवे सरकले होते, त्यामुळे समुद्राचा तळ फारसा उचललाच गेला नाही.

मराठवाड्याचं काय? पाणी इथवर येत नाही. मध्ये सह्याद्री आहे आणि लातूर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरवर आहे. हादरा मात्र येतो. पलीकडच्या गल्लीत डीजे वाजत असला की गाण्याचे शब्द कळत नाहीत, नुसता बेस छातीत घुमतो. तसंच इथे होतं. सुमात्रा ते लातूर हे २७०० किलोमीटर कापताना भूकंपाची भराभर हलणारी कंपनं खडकात विरून जातात आणि संथ, लांब लाटा तेवढ्या उरतात. साडेपाच मिनिटांत पहिली चाहूल यंत्राला लागते, आणि मोठ्या लाटा बाराएक मिनिटांत येतात. त्यांच्या एका हेलकाव्याला वीस-वीस सेकंद लागतात. एकमजली घर स्वतः सेकंदाच्या दहाव्या भागात हलतं, त्यामुळे ते जमिनीबरोबर अलगद वर-खाली होतं आणि आतल्या माणसाला काही कळत नाही. उंच इमारतीची डुलण्याची लय संथ असते. म्हणून भूकंप त्यापेक्षा जवळ, समजा पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्यालगत मकरानच्या समुद्रात झाला, तर छत्रपती संभाजीनगरात दहाव्या मजल्यावर टांगलेला दिवा डुलेल आणि खाली चहाच्या टपरीवर कुणाला खबरही नसेल.

विहिरीही दूरचे भूकंप टिपतात. २००४ च्या त्या भूकंपानंतर पार अमेरिकेतल्या व्हर्जिनियात एका निरीक्षण विहिरीचं पाणी सुमारे तीन फूट वर-खाली झालं होतं.

मकरान नुसतं उदाहरणापुरतं नाही. २८ नोव्हेंबर १९४५ ला तिथे ८.१ चा भूकंप झाला आणि काही तासांनी लाट मुंबईत पोचली. तिथेही माणसं दगावली. आज अर्ध्या मराठवाड्याचं कुणी ना कुणी मुंबईत आहे, तेव्हा ही गोष्ट आपलीही आहे. अशा लाटांवर नजर ठेवणारं देशाचं केंद्र २००७ पासून हैदराबादेत आहे. गंमत म्हणजे लातूरहून समुद्रापेक्षा तेच जवळ पडतं. भूकंपमापकांवरून जागा आणि क्षमता काही मिनिटांत कळते. लाट खरंच उठली का, ते समुद्रतळावरचे दाबमापक पाण्याच्या वजनावरून सांगतात. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या नकाशापेक्षा या केंद्राचं पत्रक बघावं, हे माझं स्पष्ट मत.

आपला खरा घोर पायाखालचा आहे. किल्लारीचा भूकंप जेमतेम दहा-बारा किलोमीटर खोलीवर झाला, म्हणजे डीजे थेट अंगणातच. वर दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती. बाहेरून भक्कम दिसायच्या, पण आत दोन वेगवेगळे थर आणि मध्ये चिपा-माती भरलेली. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. हादऱ्याने थर फुगून सुटे झाले आणि माळवदाची टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली.

२१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोलीत ४.५ चा धक्का बसला, नांदेड-परभणीपर्यंत जाणवला, आणि जुलैत पुन्हा तेवढाच. तेव्हा प्रशासनाने लोकांना एक साधी सूचना केली होती: वाऱ्याने उडू नयेत म्हणून पत्र्यावर ठेवलेले दगड काढून घ्या. पत्रा हुकाच्या बोल्टने पक्का आवळता येतो. वरचा दगड मात्र ४.५ च्या धक्क्यातही घरंगळून खाली येऊ शकतो.