बुद्धिऱ्हासाची उपहासात्मक विज्ञानकथा

यंत्रे हुशार होत गेली आणि माणूस करमणुकीत लोळून बिनडोक झाला, तर पुढे काय वाढून ठेवले असेल, ही कल्पना ताणून वर्तमानाची टर उडवणारा विज्ञानकथेचा प्रकार. काळ पुढचा दाखवला, तरी नेम लेखकाच्या स्वतःच्या काळावरच असतो.

ई. एम. फॉर्स्टर यांच्या ‘द मशीन स्टॉप्स’ (१९०९) या कथेत माणसे जमिनीखालच्या एकेकट्या खोल्यांत राहतात, पडद्यावरून गप्पा मारतात, व्याख्याने ऐकतात आणि स्वतः पाहून-अनुभवून सुचलेल्या विचाराला बिचकतात. दूरचित्रवाणी अजून जन्मायची होती, तेव्हाची ही कथा. ‘फॅरनहाइट ४५१’ (१९५३) मध्ये रे ब्रॅडबरी यांनी घरातल्या भिंतींनाच टीव्ही केले. तिथे पुस्तके जाळायला सरकार पुढे येते, पण त्याआधी लोकांनीच ती वाचणे सोडलेले असते.

या प्रकारातला सर्वांत गाजलेला चित्रपट म्हणजे माइक जज यांचा ‘इडिओक्रसी’ (२००६). तो मोजक्या चित्रपटगृहांत कसाबसा लागला आणि नाव झाले ते नंतर. सर्वच बाबतींत सर्वसाधारण असलेला एक सैनिक प्रयोगासाठी झोपवला जातो, तो थेट २५०५ मध्ये उठतो आणि जगातला सर्वांत बुद्धिमान माणूस ठरतो. राष्ट्राध्यक्ष पैलवानी आखाड्यातून आलेला. शेताला पाण्याऐवजी एका कंपनीचे शक्तिवर्धक पेय सोडलेले आणि पीक करपलेले. का, असे विचारले की मंत्री जाहिरातीतलेच वाक्य म्हणून दाखवतात. नायक साधे पाणी सोडायला लावतो, तर कंपनीचा शेअर कोसळतो, लोकांच्या नोकऱ्या जातात आणि शिक्षा त्यालाच होते.

मराठवाड्यातल्या प्रेक्षकाला हा प्रसंग फार दूरचा वाटत नाही. लातूरची तहान भागवायला मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे १२ एप्रिल २०१६ रोजी पोचली, १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन. त्याच आठवड्यात आयपीएलच्या खेळपट्ट्यांवर किती पाणी मारायचे, हा वाद मुंबई उच्च न्यायालयात चालू होता. न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवायला सांगितले. क्रिकेटमुळे दुष्काळ पडला असे कोणी म्हणणार नाही. पण पाणी आणि करमणूक एकाच तागडीत तोलायची वेळ आली, ती २५०५ ची वाट न पाहता.

हा प्रकार बुद्धी रक्तात शोधतो, हा त्याच्यावरचा मोठा आक्षेप ‘इडिओक्रसी’च्या सुरुवातीलाच लागू होतो. शिकलेल्यांना मुले कमी, अडाण्यांना फार, म्हणून जग मूर्ख झाले, असे तिथे सांगितले जाते. सी. एम. कॉर्नब्लुथ यांच्या ‘द मार्चिंग मोरॉन्स’ (१९५१) या कथेत हेच गृहीत इतके पुढे जाते की बिनडोकांना अग्निबाणांत भरून कायमचे मार्गी लावले जाते. प्रत्यक्षात उलटेच दिसते. विसाव्या शतकात अनेक देशांत बुद्धिमापन चाचण्यांतले गुण वाढत गेल्याचे जेम्स फ्लिन यांनी दाखवले. मराठवाड्याला तर हा आक्षेप कोणी शिकवायला नको. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेने औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) काढलेल्या, पुढे मिलिंद या नावाने ओळखल्या गेलेल्या महाविद्यालयाने, पिढ्यान्‌पिढ्या पाटीला हात न लागलेल्या घरांतली मुले पदवीधर केली. बुद्धी रक्तात शोधणारा उपहास इथे फसतो. धंद्याने घातलेली झापडे दाखवणारा चालतो.

मराठी विज्ञानकथेने, जयंत नारळीकरांपासून पुढे, विज्ञान समजावण्याची वाट अधिक धरली. भविष्याच्या आडून वर्तमानाला चिमटे काढण्याची रीत मात्र पैठणला जुनी आहे. एकनाथांच्या (सोळावे शतक) भारुडात जोशी येतो, होरा सांगतो. त्यात मन हा देहगावचा पाटील असतो आणि त्याच्यावर भरवसा ठेवू नका, तो घात करील, असे भविष्य ऐकायला मिळते. ऐकणारा आधी पाटलाला हसतो आणि मग कळते की गाव आपलेच. भारुड हीही करमणूकच. टाळ, सोंग, हशा सगळे तिच्यात असते, फक्त हशा ओसरला की निरूपण सुरू होते. भारुडांच्या चित्रफिती आता मोबाइलवरही फिरतात. अर्ध्या मिनिटात बसवायचे म्हणून सोंग आणि हशा ठेवून निरूपणाला पुष्कळदा कात्री लावलेली असते.