कौलप्रसाद (गोवा)

देवतेच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या, कळ्या किंवा पाने चिकटवून, आधी कोणत्या बाजूची गळते यावरून देवाची संमती जाणून घेण्याचा प्रघात. सामान्यतः उजवा कौल अनुकूल, डावा प्रतिकूल.

‘कौल’ हा शब्द अरबी ‘कौल’ (शब्द, वचन) यावरून आला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मराठी दप्तरांत कौल म्हणजे अभयपत्र, तसेच सवलतीच्या साऱ्याने पडीक जमीन लागवडीस देण्याचा करार. ‘कौलनामा’ त्यातूनच आला. राज्यकर्त्याने रयतेला द्यायचे वचन देवाने भक्ताला द्यावे, हा अर्थविस्तार बहमनी-आदिलशाही अंमलात झाला असावा. गोव्यातील देवीस्थानांची संख्या पाहता शाक्तांच्या (शक्तीच्या म्हणजे देवीच्या उपासकांच्या) कौलमार्ग या तांत्रिक पंथाशी नाते जोडण्याचा मोह होतो. पण ध्वनिसाम्यापलीकडे त्याला आधार दिसत नाही. अर्थात शब्द परका म्हणून प्रघातही परका ठरत नाही.

अनिश्चिततेला माणसे कशी सामोरी जातात, या दृष्टीने कौलाकडे पाहताना मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनोव्हस्कीचे १९२५ मधील विवेचन सहसा पुढे केले जाते : पॅसिफिक महासागरातील ट्रोब्रियांड बेटांवरचे कोळी शांत खाजणात मासे धरताना मंत्रतंत्र करीत नाहीत, धोक्याच्या खुल्या समुद्रात जाताना करतात. गोव्याला मात्र मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज पार्कची १९६३ ची मांडणी अधिक लागू पडते. तिच्यानुसार अशा विधीचे काम भविष्य सांगणे नव्हे, निर्णयाला मान्यता मिळवून देणे. सोयरीक, घरबांधणी, वाटणी यांत भावाभावांचे एकमत होत नाही. कौल झाला की कोणा एकाच्या माथी दोष येत नाही. मानसशास्त्रज्ञ एलेन लँगरने १९७५ मध्ये मांडलेला ‘नियंत्रणाचा भ्रम’ (योगायोगाच्या गोष्टीही आपल्या हातात आहेत असे वाटणे) येथे उलटा दिसतो, कारण कौल घेणारा निवड स्वतःच्या हातून सोडून देतो. पूर्ण सोडतो असेही नाही : डावा कौल आल्यावर प्रश्न बदलून पुन्हा विचारता येतो.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज अंमलाखालील देवळे पाडली गेली तेव्हा केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली. फोंडा परिसर तेव्हा आदिलशाहीत होता. पोर्तुगिजांकडे तो अठराव्या शतकात गेला. विखुरलेले कुळावी (या देवतांना कुलदैवत मानणारी कुटुंबे) आजही प्रश्न घेऊन याच देवस्थानांत येतात.

कौलाआधी गाऱ्हाणे घालतात, म्हणजे देवापुढे मोठ्याने विनवणी करतात. पेडण्याकडे आणि सिंधुदुर्गात त्याच्या प्रत्येक वाक्यावर जमलेली मंडळी एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणते.