अभ्याससोबती : कॉलेजच्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी माहितीपत्रक

पहिल्या सेमचा (सेमिस्टरचा) निकाल लागला की साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या आमच्या छोट्याशा केंद्रात मुलं येऊ लागतात. बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "सगळं वाचलं होतं, पण पेपरात आठवलंच नाही." सोबत आलेल्या वडिलांना ते पटत नाही. पोरगं दिवसभर मोबाईलवर असतं, वाचलं कुठलं, असं त्यांना वाटतं. आमचा अनुभव असा की मुलं बहुधा खरं सांगत असतात. धडा दोनदा, कधी तीनदाही वाचलेला असतो. घोडं अडतं ते वाचायच्या रीतीपाशी. वर्षानुवर्षांची रीत एकट्यानं बदलत नाही, त्यासाठी कुणीतरी शेजारी बसावं लागतं. आम्ही असा शेजारी बसणारा मिळवून देतो. त्याला आम्ही अभ्याससोबती म्हणतो. मुलं मात्र त्यांना ताई-दादाच म्हणतात, आणि तेच योग्य आहे.

सोबती कोण असतो?

तुमच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी पुढे असलेला, साताऱ्यातच शिकणारा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी. पहिला नंबर आलेली मुलंच आम्ही घेतो असं नाही. एखाद्या विषयात केटी लागली, म्हणजे विषय राहिला, मग अभ्यासाची पद्धत बदलून तो विषय सोडवला, अशा मुलांना आम्ही आवर्जून घेतो. कुठे पाय घसरतो हे त्यांच्या अजून ध्यानात असतं. वीस वर्षं तोच विषय शिकवणाऱ्या माणसाला तो इतका सोपा झालेला असतो की नवख्याला नेमकं कुठे अडतं हे कधीकधी दिसतच नाही. शिवाय सरांना विचारायला लाज वाटते असा प्रश्न दादाला सहज विचारता येतो.

सोबती विषय शिकवत नाही, शिकवणीसारखा पोर्शनही पूर्ण करत नाही. तो तुम्हाला विचारतो, तुमचं ऐकतो, आणि अभ्यास कसा चाललाय हे तुमचं तुम्हाला दिसेल असं करतो. पालकांना हे समजावताना आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून इथेच स्पष्ट लिहितो आहोत. विषयच समजत नसेल तर आधी कॉलेजातल्या सरांकडे, मॅडमकडे जा. समजलेलं डोक्यात राहत नसेल, वेळ पुरत नसेल, पुस्तक घेऊन बसलं तरी सुरुवात होत नसेल, तर आमच्याकडे या.

पान मिटलं की काय उरतं?

लग्नात एखादे पाहुणे भेटतात. चेहरा ओळखीचा, गाव ओळखीचं, नाव मात्र काही केल्या आठवत नाही. पुन्हा पुन्हा वाचलेल्या धड्याचं असंच होतं. पान उघडं असलं की "हे येतंय मला" असं वाटतं. परीक्षेत पान मिटलेलं असतं.

अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये याचा एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांना त्यांनी एक उतारा वाचायला दिला. नंतर काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न बघता आठवेल तेवढा कागदावर लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. त्यांना ८१ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ७५ टक्के. आठवड्यानं मात्र पारडं फिरलं. पुन्हा वाचणाऱ्यांकडे ४२ टक्के उरलं होतं आणि लिहून काढणाऱ्यांकडे ५६ टक्के. परीक्षेच्या आदल्या रात्री चार वेळा वाचून आलेला भरवसा का फसवा असतो, ते या आकड्यांत दिसतं. पुढे २०१३ मध्ये पाच अभ्यासकांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. ओळी रंगवणं आणि नुसतं पुन्हा वाचणं या पद्धती खालच्या पायरीवर राहिल्या. स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांवर विभागणं या दोन वर आल्या.

आमच्या सत्राची सुरुवात म्हणूनच कोऱ्या कागदानं होते. सत्र ५० मिनिटांचं असतं. तुम्ही आलात की दादा वही मिटायला सांगतो. "परवा अकाउंट्सला काय झालं ते लिही. दहा मिनिटं." पहिल्या दिवशी बहुतेकांचा हात चार-पाच ओळींनंतर थांबतो आणि चेहरा पडतो. घाबरू नका, सगळ्यांचं असंच होतं. मग वही उघडायची आणि जे निसटलं ते लाल शाईनं भरायचं. निळं म्हणजे तुमचं झालेलं, लाल म्हणजे राहिलेलं. घरी गेल्यावर फक्त लाल बघायचं. आख्खं प्रकरण पुन्हा पहिल्या पानापासून वाचण्यात जो वेळ जातो, तो इथे वाचतो.

उरलेल्या वेळात बोलायचं असतं, आणि बोलायचं तुम्ही. सोबती "का?", "कशावरून?", "तुझ्या शब्दांत सांग", "एखादं उदाहरण दे" एवढंच विचारत राहतो. तुम्ही अडलात तरी तो लगेच उत्तर देणार नाही. ते थांबणं अवघडल्यासारखं वाटतं, पण अर्धा मिनिट डोकं खाजवून आठवलेली गोष्ट पक्की बसते.

हे आम्ही चुकून शिकलो. सुरुवातीला आमचे सोबती मायेपोटी सगळं समजावून सांगायचे. सत्र छान झालं असं दोघांनाही वाटायचं, आणि पुढच्या आठवड्यात मुलाचा कागद तसाच कोरा असायचा. जो बोलत होता त्याचाच अभ्यास होत होता! तेव्हापासून नवीन सोबत्याला गप्प कसं बसायचं, ते आम्ही सगळ्यात आधी शिकवतो. दुसरी चूक आठ-आठ जणांच्या गटांची. त्यात दोघं बोलायचे आणि बाकीचे माना डोलवायचे. आता एका सोबत्यामागे जास्तीत जास्त तीन विद्यार्थी असतात.

जुन्या लग्नपत्रिका आणि एसटीचा वेळ

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाऊस यानं निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून ते किती वेळात विसरतात याची मोजदाद केली. १८८५ मध्ये त्यानं निष्कर्ष छापले. विसरणं सारख्या वेगानं होत नाही, अर्ध्याहून जास्त पडझड पहिल्या दिवसातच होते आणि मग वेग मंदावतो, असं त्याला आढळलं. यावरून आमचा नियम साधा आहे : तास झाला त्याच दिवशी दहा मिनिटं, मग दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं. सेमच्या शेवटी एकदम आठ तास घालण्यापेक्षा हे कितीतरी हलकं पडतं.

व्याख्या, सूत्रं, सनावळ्या यांच्यासाठी आम्ही चिठ्ठ्यांचं खोकं वापरतो. ही युक्ती सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकारानं १९७०च्या दशकात रूढ केली. विकत काही आणू नका. घरात जुन्या लग्नपत्रिका पडलेल्या असतात, त्यांच्या कोऱ्या बाजू कापून घ्या. एका तुकड्यावर प्रश्न आणि त्याच्या मागे चिकटवलेल्या दुसऱ्यावर उत्तर. चपलेच्या खोक्यात पुठ्ठे लावून तीन कप्पे करा. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्यानं. उत्तर बरोबर आलं की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते, चुकलं की थेट पहिल्यात परत. म्हणजे जे येत नाही ते रोज समोर येतं, आणि जे येतं ते उगाच वेळ खात नाही.

आता वेळेचं. कोरेगाव, रहिमतपूर, मेढा, परळी या बाजूंनी रोज एसटीनं येणारी खूप मुलं आमच्याकडे आहेत. सकाळी धार काढून, दूध डेअरीला घालून निघायचं, संध्याकाळी पोचल्यावर पुन्हा रानातलं काम. आल्याच्या काढणीत किंवा सुगीत तर पुस्तक उघडायलाही फुरसत नसते. अशा मुलाला "रोज पहाटे चारला ऊठ" असा कागदी तक्ता देणं हा अन्याय आहे. म्हणून पहिल्या आठवड्यात सोबती तुमच्याकडून कसलाच तक्ता करून घेत नाही. गेलेला आठवडा जसा गेला तसा, खरा खरा, लिहायला लावतो. मोबाईलचे तासही. तो कागद कुणालाही दाखवला जात नाही, घरच्यांनाही नाही. मग त्यातल्या फटी शोधायच्या. कॉलेजातला ऑफ तास. स्टँडवर गाडीची वाट बघण्यातली वीस मिनिटं. गाडीत उभ्यानं वाचता येत नाही हे खरं, पण आठवता येतं. खिडकीबाहेर बघत "आज पहिल्या तासाला काय झालं?" असं मनाशी उजळायला ना पुस्तक लागतं ना जागा. आमच्या एका विद्यार्थिनीनं निम्मी उजळणी अशीच केली.

मराठीतून इंग्रजीकडे

हा भाग आम्हाला फार जवळचा आहे. बारावीपर्यंत मराठी माध्यमातून कॉमर्स केलेल्या मुलीला किर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद, घसारा हे शब्द चांगले कळलेले असतात. कॉलेजात समोर येतात जर्नल, लेजर, ट्रायल बॅलन्स, बॅलन्स शीट आणि डेप्रिसिएशन. गोष्टी त्याच, पण मुलीला वाटतं आपल्याला काहीच येत नाही. ती मागच्या बाकावर जाते आणि विचारायचं बंद करते. विज्ञानात परासरणाचं ऑस्मोसिस झालं आणि जडत्वाचं इनर्शिया, की तीच गत.

इथे सोबती तीन पायऱ्या वापरतो. आधी मुद्दा मराठीत, अगदी घरच्या बोलीत, सांगायचा. मग त्याच बोलण्यात इंग्रजी संज्ञा घालायच्या. मग तीन-चार सोपी इंग्रजी वाक्यं लिहायची, चुकली तरी चालतील. समज आधी, भाषा मागाहून. थेट इंग्रजी उत्तर घोकलं की मधलं एक वाक्य विसरलं तरी गाडी बंद पडते. ज्याला मुद्दा मराठीत कळलाय तो मोडक्या इंग्रजीत का होईना, पुढे लिहीत राहतो. वहीच्या शेवटी दोन रकान्यांचा आपला शब्दकोश ठेवायचा. सेमच्या शेवटी तो भरलेला पाहून मुलांना स्वतःलाच आश्चर्य वाटतं.

"ढ मुलांसाठी आहे का हो हे?"

असं विचारणारे पालक रोज भेटतात. नाही. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या मिसुरी विद्यापीठात १९७३ मध्ये अशी योजना सुरू झाली. तिथे कच्ची मुलं निवडण्याऐवजी अवघड विषय निवडले, आणि त्या विषयाला बसलेल्या सगळ्यांसाठी आदल्या वर्षी तो नीट पार केलेले विद्यार्थी नेमले. त्यामुळे कुणावर शिक्का बसला नाही. अमेरिकेतल्याच बर्कली विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या युरी ट्राइसमन यांनी १९७०च्या दशकात पाहिलं की गणितात मागे पडणारी कृष्णवर्णीय मुलं आळशी नव्हती. ती भरपूर अभ्यास करत होती, पण एकेकटी. पुढे जाणारी चिनी वंशाची मुलं मात्र एकत्र बसून एकमेकांची उत्तरं तपासत होती. मग ट्राइसमन यांनी एकत्र बसून अवघड गणितं सोडवण्याचे गट सुरू केले. आम्हीही नाव विषयाचंच लिहितो. तुमच्या नावापुढे आमच्या वहीत "स्टॅटिस्टिक्स, दुसरं सेम" एवढंच असतं.

एकत्र राहून शिकणं साताऱ्याला कुणी बाहेरून शिकवायची गरज नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये इथे बोर्डिंग सुरू केलं. वेगवेगळ्या जातिधर्मांची मुलं तिथे एका छपराखाली राहत आणि आपली कामं आपण करत. 'कमवा आणि शिका' याच मातीतलं. आमचे सोबतीही शिकता शिकताच कमावतात. तुम्ही देता त्या फीमधला मोठा हिस्सा त्यांच्या मेसला आणि एसटीच्या पासला जातो.

फी आणि आमच्या मर्यादा

सहा आठवडे, आठवड्याला दोन, अशी बारा सत्रं. फी १,८०० रुपये, म्हणजे सत्राला १५० रुपये. त्यातले १०० सोबत्याचे. निम्मी फी सुरुवातीला, निम्मी तीन आठवड्यांनी. तीन आठवड्यांत उपयोग वाटला नाही तर थांबा, पुढचे पैसे देऊ नका. पहिली भेट मोफत. फीची अडचण असेल तर तसं सांगा, हप्ते पाडून देतो. मुलींना ताई सोबती हवी असेल तर तशी मिळते. शेवटच्या गाडीच्या आत सत्र संपवायची जबाबदारी आमची.

प्रॅक्टिकलचं जर्नल आणि असाइनमेंट आम्ही लिहून देत नाही. आयएमपी, म्हणजे परीक्षेत हमखास येतील अशा प्रश्नांची यादी देत नाही. इतके टक्के मिळतील अशी हमीही देत नाही, कारण ती खोटी ठरेल. अभ्यासामागचं कारण वेगळंच असेल, झोप लागत नसेल, मन सतत उदास असेल, तर सोबती डॉक्टर नाही हे आम्ही जाणतो. अशा वेळी सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो. पहिला फोन करताना शेजारी बसायला हवं असेल तर आम्ही बसू.

पालकांना एक विनंती

"किती तास अभ्यास केलास?" हा प्रश्न सहा आठवडे बाजूला ठेवा. त्याऐवजी रात्री जेवताना म्हणा, "आज काय शिकलास ते मला सांग बघू." तुम्हाला कॉलेजचं कळत नसलं तरी बिघडत नाही, उलट बरंच आहे. घसारा म्हणजे काय हे आईला समजेल असं सांगताना मुलाला तो नव्यानं कळतो. आमच्या एका विद्यार्थ्याची आई चौथीपर्यंत शिकलेली. भाकरी थापताना ती ऐकायची आणि मधेच विचारायची, "मग आपल्या मोटरीचं पण असंच होत असंल का रं?" इतका चांगला प्रश्न आमच्या सोबत्यांनाही सुचला नव्हता.

पहिल्या भेटीला येताना

सगळ्यात अवघड वाटणाऱ्या एका विषयाचं पुस्तक आणि वही आणा. मागच्या सेमची मार्कलिस्ट असेल तर आणा, नसेल तरी चालेल. निळं आणि लाल पेन आणा, कागद आम्ही देतो. सोमवार ते शनिवार, दुपारी १ ते संध्याकाळी ६ या वेळात केव्हाही या. पालकांनी यायलाच हवं असं नाही, पण आले तर त्यांच्यासाठी चहा आणि खुर्ची आहे.