साउंड कार्ड घ्यायचं की ऑडिओ इंटरफेस? आधी आवाज कुठून कुठे जातोय ते बघा

पुण्यात सध्या घरोघरी कोणी ना कोणी काहीतरी रेकॉर्ड करतंय, कोणी पॉडकास्ट करतंय, कोणी परदेशातल्या मुलांना ऑनलाईन तबला नाहीतर पेटी शिकवतंय, कोणी रियाज रेकॉर्ड करून गुरुजींना पाठवतंय. आणि त्याच सोसायटीत वरच्या मजल्यावर कोणीतरी रात्री हेडफोन लावून गेम खेळतंय. हे दोघं इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत जाऊन एकच वाक्य बोलतात, "कॉम्प्युटरचा आवाज सुधारायचाय, चांगलं साउंड कार्ड दाखवा." तर दोघांच्या गरजा पूर्ण उलट आहेत राव, आणि एकाची वस्तू दुसऱ्याला दिली तर पैसे गेलेच समजा.

गोंधळ होणं साहजिक आहे कारण आत काम एकच चालतं. कॉम्प्युटरमधले आकडे घेऊन त्यांचा विजेचा सिग्नल बनवायचा, म्हणजे स्पीकर हलेल, आणि माइककडून आलेल्या सिग्नलचे परत आकडे बनवायचे. पहिल्याला डीएसी म्हणतात, दुसऱ्याला एडीसी. साउंड कार्डात, म्हणजे कॅबिनेटच्या आत बसवायच्या पट्टीत दोन्ही असतात, इंटरफेसमध्ये, म्हणजे माइक लावायच्या बाहेरच्या डब्यातही दोन्ही असतात, आणि तुमच्या मदरबोर्डवर जी छोटीशी रिअलटेकची चिप आहे ना, तिच्यातही दोन्ही असतात. फरक हा की बनवणाऱ्याने जीव कुठल्या बाजूवर ओतलाय. साउंड कार्ड बाहेर जाणाऱ्या आवाजासाठी, म्हणजे ऐकण्यासाठी. इंटरफेस मुख्यतः आत येणाऱ्या आवाजासाठी.

थोडं मागे जाऊया. 1989 साली पहिलं साउंड ब्लास्टर आलं तेव्हा साध्या पीसीतून फक्त टूं टूं एवढाच आवाज यायचा, त्यामुळे कार्ड ही खरी गरज होती. मग 1997 मध्ये इंटेलने एसी नाइंटी सेव्हन आणलं, 2004 मध्ये एचडी ऑडिओ, आणि आवाज मदरबोर्डवर फुकट मिळायला लागला. 2007 ला विंडोज व्हिस्टा आलं त्यात गेमचा आवाज थेट कार्डाच्या हार्डवेअरकडे देण्याचा रस्ताच काढून टाकला, आणि कार्डवाल्यांचं मोठं हत्यार गेलं. म्हणून आज कोणी म्हणालं की साउंड कार्डाशिवाय गेम नीट चालत नाही तर ते जुन्या काळातलं आहे.

मग आज कार्ड कोणी घ्यावं? ज्याचा डेस्कटॉप आहे, कॅबिनेटमध्ये पीसीआय एक्स्प्रेसचा छोटा स्लॉट रिकामा आहे, आणि ज्याला फाइव्ह पॉइंट वनचे स्पीकर वायरने लावायचेत किंवा ऑप्टिकल केबलने अँपला जोडायचंय. किंवा ज्याच्याकडे 250 ओहमचा हेडफोन आहे आणि मदरबोर्डच्या जॅकला लावला की व्हॉल्यूम फुल्ल करूनही आवाज कमीच वाटतो. असा हेडफोन नीट चालवायला जास्त व्होल्टेज लागतं, बऱ्याच कार्डांवर त्यासाठी वेगळा हेडफोन अँप असतो. साधा 32 ओहमचा हेडफोन असेल आणि मदरबोर्ड गेल्या काही वर्षातला बरा असेल तर मी म्हणेन कार्ड घेऊ नका, तेच पैसे हेडफोनमध्ये घाला, फरक लगेच कळेल. हेडफोन आणि स्पीकर यांच्यातला फरक कानाला जेवढा ऐकू येतो त्याच्या पासंगालाही दोन ठीकठाक डीएसींमधला फरक येत नाही.

आणि बॉक्सवरच्या 32 बिट 384 किलोहर्ट्झवर जाऊ नका. माणसाचा कान जेमतेम 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, तेही तरुणपणी, आणि सीडीचा 44.1 किलोहर्ट्झचा दर 22 किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं पकडतो. ऐकायला तेवढं पुरतं. रेकॉर्डिंगला मात्र 24 बिट खरंच कामाचे आहेत, कारण मग लेव्हल जरा खाली ठेवून रेकॉर्ड करता येतं, गायक अचानक वरच्या सा ला गेला तरी आवाज फाटत नाही.

आता इंटरफेस. हा बाहेरचा डबा, यूएसबीने जोडायचा, त्यामुळे लॅपटॉपलाही चालतो. फोकसराइटचा तो लाल स्कार्लेट बऱ्याच जणांनी पाहिला असेल, तसेच इतरही कंपन्यांचे मिळतात. पुढच्या बाजूला मोठं गोल भोक असतं, त्यात तीन पिनांची एक्सएलआर पण बसते आणि गिटारची जाडी पिन पण. शेजारी गेनचं बटण, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवायचा ते ठरवणारं, बऱ्याच डब्यांवर त्याच्याजवळ लाईट, आवाज नीट येतोय तोवर हिरवा, फाटायला लागला की लाल. आणि एक छोटं बटण, त्यावर 48V लिहिलेलं. हे बटण म्हणजे दोघांतला सगळ्यात ठसठशीत फरक. स्टुडिओचा कंडेन्सर माइक चालायला केबलमधूनच 48 व्होल्ट जावे लागतात, आणि मदरबोर्ड किंवा साउंड कार्डच्या गुलाबी जॅकमध्ये असतात फक्त दोन-चार व्होल्ट, तेही छोट्या कॉलर माइकसाठी. म्हणून एक्सएलआर टू साडेतीन एमएमची केबल आणून कंडेन्सर माइक कार्डात लावला तर तो मुका राहतो. स्टेजवरचा साधा डायनॅमिक माइक लावला तर आवाज येतो पण इतका बारीक की सेटिंगमध्ये जाऊन माइक बूस्ट प्लस 30 डीबी करावा लागतो, आणि मग आवाजाबरोबर सूंऽऽ पण तेवढाच वर येतो. ही खोट माइकची नसते, माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारा मागचा प्रीअँप कमी पडतो. कितीही महाग गेमिंग कार्ड घ्या, तिथं माइकची बाजू दुय्यमच असते.

दुसरी गोष्ट उशीर, म्हणजे लेटन्सी, आणि आपल्या संगीताच्या लोकांना ही जास्त छळते. तुम्ही हेडफोन लावून पेटी वाजवताय, आवाज माइकमधून कॉम्प्युटरात जातो, तिथं थोडा थोडा साठवून पुढे सरकतो (या साठ्याला बफर म्हणतात, आणि तो आवाजाच्या आकड्यांत, म्हणजे सॅम्पलमध्ये मोजतात), मग परत कानात येतो. 48 किलोहर्ट्झला 480 सॅम्पलचा बफर ठेवला तर एका फेरीलाच 10 मिलिसेकंद, जाऊन-येऊन 20 आणि वर ड्रायव्हरचा वेळ वेगळा. 10 मिलिसेकंदात आवाज हवेत साधारण साडेतीन मीटर जातो, म्हणजे तेवढ्या लांब बसलेल्या तबलजीबरोबर वाजवल्यासारखं, ते जमतं. पण साध्या सेटिंगवर हा उशीर कितीतरी जास्त होऊ शकतो, आणि मग द्रुत लयीत हात अडखळायला लागतो, माणसाला वाटतं आपलाच रियाज कमी पडतोय. इंटरफेसबरोबर येणारा एसिओ ड्रायव्हर बफर 64 किंवा 128 पर्यंत खाली आणू देतो, आणि त्याहून सोपं म्हणजे बहुतेक डब्यांवर डायरेक्ट मॉनिटर असतं, ते चालू केलं की तुमचा आवाज कॉम्प्युटरात न जाता थेट कानात. शिकवणाऱ्या आणि गाणाऱ्या माणसाने एवढ्या एका सोयीसाठीसुद्धा इंटरफेस घ्यावा असं माझं ठाम मत आहे.

उलट इंटरफेसला सहसा फाइव्ह पॉइंट वन नसतं, गेममधले सराउंडचे इफेक्ट नसतात, आणि मागचे स्पीकरचे आउट जाड्या पिनांचे असतात त्यामुळे साध्या स्पीकरला कनेक्टर शोधत बसावं लागतं. नुसतं ऐकायचं असेल तर तिसरा रस्ता आहे, छोटा यूएसबी डीएसी किंवा अगदी टाइप सीचा डोंगल, बऱ्याच जणांचं काम तेवढ्यात होतं. आणि साउंड कार्ड याच नावाखाली मोबाईलवर लाइव्ह करणाऱ्यांसाठी व्ही एट म्हणून एक डबा विकतात, त्यात टाळ्या, हशा, इको अशी बटणं असतात, तो गाणं रेकॉर्ड करायला घेऊ नका प्लीज.

बरं, हेडफोन ब्लूटूथचा असेल तर यातलं काहीच लागू नाही. डीएसी हेडफोनच्या आतच बसलाय, कार्डाला त्या आवाजाचा पत्ताही लागत नाही. यूएसबी हेडसेटचं तेच, एचडीएमआयने टीव्हीला आवाज दिला तरी तेच.

सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे काहीही विकत घ्यायच्या आधी करायचं. माउस हलवला की किर्र किर्र येतं, गेम चालू केला की शिट्टी येते अशी तक्रार असेल तर हेडफोन कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमधून काढून मागच्या हिरव्या जॅकला लावा. पुढच्या जॅकची वायर कॅबिनेटच्या आतून सगळ्या पार्टांच्या शेजारून येते आणि त्यांचा आवाज उचलते, पुष्कळ वेळा एवढ्यातच मिटतं. हम्मऽऽ असा जाड आवाज सतत असेल आणि लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर जात असेल तर तो 50 हर्ट्झचा विजेचा हम आहे, त्याला नवं कार्ड औषध नाही. पेठांमधल्या जुन्या इमारतींमध्ये कित्येक ठिकाणी थ्री पिनचा सॉकेट असतो पण मागे अर्थिंगची वायरच जोडलेली नसते. वायरमनला बोलावून तपासून घ्या. कॉम्प्युटर आणि स्पीकर एकाच स्पाइक गार्डवर लावून बघा, त्यानेही हम कमी होतो. काही जण हम घालवायला प्लगची अर्थची पिनच काढून टाकतात, ते मात्र कधीच करू नका, शॉक लागायचं कारण होईल.

एवढं करून इंटरफेस घ्यायचा ठरला तर स्वतःचा माइक, केबल आणि हेडफोन घेऊन दुकानात जा. माइक लावा, 48V हवा असेल तर चालू करा, गेन तुम्हाला गाताना लागेल तेवढा वाढवा, आणि काहीही न बोलता हेडफोनमध्ये ऐका. जी सूं तिथं ऐकू येईल ती घरी तुमच्या तानपुऱ्याच्या खाली कायम असणार आहे. दुकानात गलबला असेल तर थोडं रेकॉर्ड करून घ्या आणि बाहेर शांत जागी येऊन परत ऐका.