सिनेगॉगच्या धार्मिक शाळेचं संचालकपद आणि आर-१ व्हिसा: अर्ज नेमका कुठे अडतो

ठाण्यात, मुंबईत किंवा पुण्यात मुलांना हिब्रू आणि तोरा (ज्यू धर्मग्रंथ) शिकवणाऱ्या बेने इस्रायल, म्हणजे आपल्याकडच्या ज्यू समाजातल्या, माणसाला अमेरिकेतल्या सिनेगॉगकडून (ज्यू प्रार्थनास्थळाकडून) धार्मिक शाळेच्या संचालकपदाची ऑफर आली, की घरात आधी पेढे वाटले जातात आणि कागद नंतर बघितले जातात. कृपा करून क्रम उलटा ठेवा. या कामासाठी लागणारा व्हिसा म्हणजे आर-१, धार्मिक कार्यकर्त्यांचा. त्याचा अर्ज तुम्ही करायचा नसतो, सिनेगॉगने करायचा असतो, फॉर्म आय-१२९ वर. आणि तो बहुतेक वेळा अडतो तो तुमच्या पात्रतेवर नव्हे, पदाच्या वर्णनावर.

अमेरिकेतली ही शाळा रोजची नसते. साधारणपणे रविवारी सकाळी आणि आठवड्यातल्या एखाद्या दुपारी, मुलं नेहमीच्या शाळेतून सुटल्यावर भरते. नुसत्या शिक्षकाचे तास त्यामुळे आठवड्याला पाच-सहाच्या वर क्वचित जातात. आर-१ ला मात्र आठवड्याला सरासरी किमान २० तास काम लागतं. तेवढे तास फक्त संचालकाचे भरतात. इथे दुसरा नियम आडवा येतो: प्रामुख्याने प्रशासकीय असलेलं काम धार्मिक व्यवसायात धरलं जात नाही, धार्मिक कामाच्या ओघात येणारं थोडंफार प्रशासन तेवढं चालतं. आता संचालकाच्या ऑफर लेटरमध्ये काय लिहिलेलं असतं? वेळापत्रक, बजेट, शिक्षकांची भरती, फी, पालकसभा. ते वाचून अधिकारी जादा पुराव्याची नोटीस पाठवतो, आणि त्याला दोष देता येत नाही, कारण कागदावर तो माणूस ऑफिस मॅनेजरच दिसतो.

म्हणून सिनेगॉगकडून तासांच्या विभागणीसह पत्र घ्या. हिब्रू आणि तोरा शिकवणं, बार मिट्झ्वा आणि बात मिट्झ्वाची (मुलामुलींच्या वयात येण्याच्या धार्मिक विधीची) तयारी करून घेणं, मुलांच्या प्रार्थना चालवणं, पेसाख आणि हनुक्का या सणांचे कौटुंबिक कार्यक्रम, शिक्षकांना धार्मिक आशयाचं मार्गदर्शन, हे सगळं आधी आणि तासांसकट. प्रशासन शेवटी, त्याचेही तास लिहून. ही धार्मिक भूमिका त्या पंथात पूर्वापार मानली जाते, हेही पत्रात हवं. आणि जे लिहाल ते खरंच असू द्या. या अर्जासाठी अधिकारी सिनेगॉगमध्ये प्रत्यक्ष तपासणीला येऊ शकतात. रब्बाय (ज्यू धर्मगुरू) एक सांगतात आणि पत्र दुसरंच म्हणतं, असं झालं की सावरणं फार कठीण जातं. उन्हाळ्यात शाळा बंद असते तेव्हा तुम्ही काय करणार, हा प्रश्न हमखास येतो. अभ्यासक्रमाची आखणी, शिबिर, प्रौढांचे वर्ग, जे असेल ते आधीच नमूद करायला सांगा.

पुढचा कागद असा आहे की तो नसल्याचं सिनेगॉगलाही माहीत नसतं: आयआरएसचं, म्हणजे अमेरिकन कर खात्याचं, करमुक्तीचं निर्धारणपत्र. अमेरिकन कायद्यात प्रार्थनास्थळांना करमुक्ती आपोआप मिळते, अर्ज करावा लागत नाही. त्यामुळे कित्येक सिनेगॉगनी हे पत्र कधी मागितलेलंच नसतं. इमिग्रेशन खात्याला मात्र ते हवंच असतं. एका खात्याने गरज नाही म्हणायचं आणि दुसऱ्याने त्याच कागदावाचून फाईल अडवायची, यात भरडला जातो तो उमेदवार. सिनेगॉग एखाद्या मोठ्या संघटनेच्या सामूहिक करमुक्तीत येत असेल, तर त्या संघटनेचं पत्र आणि हे सिनेगॉग त्यात मोडतं याचा दाखला चालतो. ऑफर स्वीकारण्याआधीच हे विचारा. पगार देण्याची ऐपत दाखवणारं बजेट किंवा आधीच्या कर्मचाऱ्यांच्या पगाराचे कागदही त्याच वेळी मागून ठेवा.

‘दोन वर्षं’ या अटीने जितका गोंधळ घातला आहे तितका दुसऱ्या कशाने घातला नसेल. आर-१ साठी अर्जाच्या लगेच आधीची दोन वर्षं त्या धर्मपंथाचं सदस्यत्व लागतं. अनुभव लागत नाही. दोन वर्षांच्या सलग धार्मिक कामाची अट पुढे ग्रीन कार्डसाठी, म्हणजे फॉर्म आय-३६० च्या वेळी येते. लोक दोन्ही एकच समजतात आणि अनुभवाचं पत्र नाही म्हणून हातातली ऑफर सोडून देतात.

सदस्यत्वाचं पत्र तुमच्या इथल्या सिनेगॉगच्या ट्रस्टकडून घ्यायचं. ‘यांना आम्ही ओळखतो, सद्गृहस्थ आहेत’ एवढ्याने भागत नाही. कोणत्या तारखेपासून सदस्य, आजही आहेत का, ट्रस्टचा नोंदणी क्रमांक, सही करणाऱ्याचा हुद्दा, हे सगळं हवं. पत्र मराठीत असेल तर संपूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रमाणपत्र जोडा. पंथाचा मुद्दाही हलका घेऊ नका. आपली बहुतेक सिनेगॉग पारंपरिक रीतीची आहेत. प्रागतिक प्रवाहाची ज्युईश रिलिजस युनियन मुंबईत १९२५ साली डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने सुरू झाली, पण तिचे सदस्य थोडेच. ठाण्याच्या सदस्याला अमेरिकेतल्या रिफॉर्म, म्हणजे प्रागतिक, सिनेगॉगने बोलावलं, तर दोन्हीकडची श्रद्धा आणि उपासना कुठे जुळते, हे सिनेगॉगने दोन परिच्छेदांत समजावून सांगितलेलं बरं. आणि नाव तपासा. शाळेच्या दाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरं, सिनेगॉगच्या वहीत हिब्रू नाव, हे आपल्यात सर्रास असतं. एकाच व्यक्तीची ही नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

मंजुरी आली की डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा, फी भरायची आणि मुंबईच्या वकिलातीत मुलाखत द्यायची. यात विशेष काही नाही.

खरा विचार पुढच्या वाटचालीचा करायला हवा. आर-१ आधी जास्तीत जास्त ३० महिन्यांसाठी मिळतो, वाढवून एकूण ५ वर्षं. प्रत्यक्ष अमेरिकेत राहिलेले दिवसच मोजले जातात, म्हणून भारतात येण्या-जाण्याचे बोर्डिंग पास फेकू नका. आय-३६० साठी देऊ केलेलं काम पूर्णवेळ, म्हणजे आठवड्याला सरासरी ३५ तासांचं लागतं. मागच्या दोन वर्षांचं कामही पूर्णवेळ आणि पगारी असेल, तर वादाला जागाच उरत नाही. बिनपगारी शिकवलेल्या वर्गांवर विसंबू नका. म्हणून २० तासांची ऑफर घेताना तास कधी वाढणार, हे लेखी ठरवून घ्या आणि दोन वर्षं भरताच आय-३६० दाखल करा. या वर्गवारीत ग्रीन कार्डची रांग लांब आहे आणि रांगेतला तुमचा क्रमांक अर्जाच्या तारखेवरून ठरतो. रब्बाय किंवा तत्सम धर्मगुरू नसलेल्यांसाठीची ही तरतूद अमेरिकन काँग्रेस वेळोवेळी मुदत घालून वाढवत असते. अर्ज करायच्या आठवड्यात ती चालू आहे ना, हे बघूनच पुढे जा.

दुसऱ्या सिनेगॉगने जास्त पगार देऊ केला, तर त्यांचा नवा अर्ज मंजूर झाल्याशिवाय तिथे एक दिवसही काम करू नका. पहिल्या सिनेगॉगवर तुम्ही काम सोडल्याचं १४ दिवसांत कळवायचं बंधन असतं. ज्यू शिक्षणशास्त्रातली पदव्युत्तर पदवी घ्यायची असेल तर नोकरी सांभाळून घेता येते. मात्र नोकरीचे तास कमी करून अभ्यास वाढवला, की व्हिसाच धोक्यात येतो. जोडीदाराला आर-२ वर, म्हणजे आर-१ वाल्याच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, नोकरी करता येत नाही. घराचा हिशेब एका पगारावर बसतो का, ते ऑफरवर सही करण्याआधी दोघांनी बसून बघा.