स्मॉल-ब्लॉक शेव्हरोले : इंजिन व शक्तिवहन यंत्रणेची पुनर्बांधणी

जनरल मोटर्सच्या शेव्हरोले विभागाने 1955 च्या मॉडेलांसाठी काढलेले व्ही-8 इंजिन ‘स्मॉल-ब्लॉक’ या नावाने ओळखले जाते. जुन्या अमेरिकी गाड्यांचे शौकीन घरच्या गॅरेजमध्ये जी इंजिने उघडतात, त्यांत बहुधा याचाच नंबर पहिला लागेल. हे इंजिन आणि त्याच्यामागची गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे शक्ती नेणारा दांडा) व डिफरन्शियल (ती दोन्ही चाकांत वाटणारी यंत्रणा) ही सगळी साखळी पुन्हा धडधाकट करण्याच्या कामाचा परिचय या नोंदीत आहे.

मुख्य अभियंता एड कोल यांच्या हाताखाली तयार झालेले पहिले इंजिन 265 घन इंचांचे, म्हणजे सुमारे 4.3 लिटरचे होते. दुहेरी तोंडाच्या कार्ब्युरेटरवर ते 162 अश्वशक्ती देत असे. दोन शेजारच्या सिलिंडरांच्या मध्यांतले अंतर 4.4 इंच ठेवले होते आणि पुढची कित्येक दशके ते बदलले नाही. या एका मापाच्या चौकटीत बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) बदलत 1957 मध्ये 283, 1962 मध्ये 327, 1967 मध्ये 350 आणि 1970 मध्ये 400 घन इंचांची इंजिने निघाली. त्यामुळे एका सालचे हेड (सिलिंडरांवरचे झाकण) दुसऱ्या सालच्या ब्लॉकवर (सिलिंडरांच्या मुख्य ठोकळ्यावर), मोठ्या इंजिनाचा क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) लहान इंजिनात, असे अदलाबदलीचे उद्योग सहज शक्य झाले. 350 च्या ब्लॉकचा बोअर 0.030 इंच वाढवून त्यात 400 चा क्रँक, मेन जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) घासून बारीक करून, बसवला की 383 घन इंच होतात. असे इंजिन कारखान्याने जुन्या गाडीत कधी दिले नव्हते, तरी आज त्याचे सुट्या भागांचे तयार संच मिळतात.

रचनेतली काटकसरही दुरुस्ती करणाऱ्याच्या पथ्यावर पडली. ओतीव पोलादी रॉकर (व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या तरफा) आणि त्यांचा लांब शाफ्ट काढून टाकून पत्र्याचे दाबून घडवलेले रॉकर आले. प्रत्येक रॉकर आपापल्या स्टडवर गोल पिव्होटवर डुलतो आणि त्याला तेल मिळते ते त्याला खालून ढकलणाऱ्या पोकळ पुशरॉडमधून. ही कल्पना मूळची जनरल मोटर्सच्याच पाँटिअॅक विभागाची. एक रॉकर खराब झाला तर तेवढाच बदलता येतो, आणि त्यासाठी लागतो फक्त नट सोडवायचा पाना. उणिवाही होत्या. 1955 च्या ब्लॉकवर ऑइल फिल्टर बसवायची जागाच नव्हती, ती पुढच्या वर्षी आली.

उघडण्याआधी

लोखंडी ब्लॉकचे पूर्ण इंजिन सुमारे 260 किलो भरते, म्हणून चेन ब्लॉक किंवा हायड्रॉलिक क्रेन लागतेच. पण इंजिन उतरवण्याआधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आणि गळती तपासून घेतलेली बरी. केवळ धूर दिसला म्हणून सगळे इंजिन फोडणारे पुष्कळ असतात. प्रत्यक्षात व्हॉल्व्हच्या दांड्यांवरचे कडक झालेले रबरी सील बदलूनही निळा धूर थांबू शकतो.

ओळख पटवण्याचा भाग वेगळाच. ब्लॉकच्या मागच्या कडेवर, जिथे बेलहाउसिंग (गिअरबॉक्सकडचे घंटेसारखे कवच) बसते तिथे, ओतकामाचा क्रमांक आणि तारीख उठावात असते. महिन्यासाठी ए ते एल यांपैकी एक अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा फक्त शेवटचा आकडा. ‘सी 14 9’ म्हणजे 14 मार्च, पण 1959, 1969 की 1979 हे ओतकामाच्या क्रमांकावरून ताडावे लागते. पुढच्या बाजूला, उजव्या हेडच्या अगदी पुढ्यात, ब्लॉकच्या सपाट पृष्ठावर ठोकून उमटवलेले आकडे असतात. 1968 च्या सुमारापासून त्यांत गाडीच्या चासी क्रमांकाचा अंशही येतो. हे आकडे गाडीशी जुळले तर ती ‘मॅचिंग नंबर्स’ गाडी, आणि तिची किंमत न जुळणाऱ्या गाडीपेक्षा बरीच जास्त.

खरा पेच इथेच उभा राहतो. आकडे ज्या पृष्ठावर आहेत तेच पृष्ठ मशिनवर सपाट करायचे असते. हेड गॅस्केट नीट बसावे म्हणून डेक, म्हणजे हेड टेकते ते पृष्ठ, घासला की आकडे गेले. त्यासोबत कारखान्यातल्या ब्रोचिंगचे, म्हणजे दातेरी हत्याराने पृष्ठ तासण्याचे, बारीक समांतर ओरखडेही जातात, आणि आकडे बनावट आहेत का हे परीक्षक त्या ओरखड्यांवरून ताडतात. शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स गाडीच्या प्रदर्शनांत यावर घमासान वाद होतात. रोज चालवायच्या गाडीचा डेक वाकडा असेल तर तो बिनदिक्कत घासावा. मात्र मूळ क्रमांकाचा ब्लॉक हाती असेल तर तो तेलात माखून बाजूला ठेवावा आणि गाडीत दुसरा बसवावा, हा मार्ग अनेक जाणकार पत्करतात. स्मॉल-ब्लॉक एवढ्या संख्येने बनले की दुसरा ब्लॉक मिळणे फारसे अवघड जात नाही.

मशिन शॉपमधले काम

इंजिन ‘बांधणे’ म्हणजे पाने घेऊन नट आवळणे असा समज आहे. वास्तविक निम्म्याहून अधिक काम मोजण्याचे आणि घासण्याचे असते, आणि ते बरेचसे दुसऱ्याच्या मशिनवर होते. ब्लॉक गरम द्रावणात धुऊन निघाला की चुंबकीय भुकटीने तडे शोधले जातात. सिलिंडर वरच्या बाजूला, रिंगा जिथे उलटतात तिथे, जास्त झिजतो. बोटाला लागेल एवढी कड तिथे तयार झाली असेल तर नुसते होनिंग (घासणीच्या दगडांनी हलके घासणे) करून भागत नाही. 0.030 इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटर, बोअर वाढवून त्या मापाचे पिस्टन घालायचे ही सर्वांत रुळलेली वाट. 0.060 च्या पुढे भिंती पातळ होतात आणि इंजिन तापू लागते. होनिंगच्या तिरप्या, एकमेकांना छेदणाऱ्या रेषांत तेल धरून राहते आणि रिंगा बसतात. गुळगुळीत आरशासारखा सिलिंडर दिसायला छान, पण तो तेल खातो.

क्रँकचे जर्नल घासून 0.010 इंच लहान केले तर त्या मापाला जुळणारी जाड बेअरिंगे घ्यायची. फट मोजायला मेणासारखी बारीक प्लास्टिकची तार जर्नलवर ठेवून कॅप (बेअरिंग धरणारे झाकण) पूर्ण दाबाने आवळतात. पुन्हा उघडून चपटलेल्या तारेची रुंदी पाकिटावरच्या पट्टीशी ताडून पाहिली की फट कळते. मेन बेअरिंगला ती 0.002 इंचांच्या आसपास हवी. कनेक्टिंग रॉड आणि त्याची कॅप ही जोडी कधीही फोडायची नाही, आणि कॅप फिरवूनही बसवायची नाही. काढण्याआधी क्रमांक ठोकून ठेवणे हाच उपाय.

हेडचे काम वेळखाऊ आहे. शिसेयुक्त पेट्रोलमधले शिसे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटला संरक्षण देत असे. ते गेल्यावर नरम लोखंडी सीट हळूहळू खोल जाते आणि व्हॉल्व्ह खाली बसत जातो. अमेरिकेत रस्त्यावरच्या वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोलवर 1996 मध्ये पूर्ण बंदी आली, भारतात ते 2000 मध्ये बंद झाले. म्हणून जुन्या हेडमध्ये कठीण धातूच्या सीटा बसवून घेतात. गाडी वर्षाकाठी चार-सहाशे किलोमीटरच धावणार असेल तर हा खर्च टाळता येतो, पण हेड उघडलेच आहे तर करून घेणे शहाणपणाचे.

जुळणी

जुळणीत चुका होतात त्या ठरावीक जागी. हेडचे बोल्ट पाण्याच्या पोकळीत उतरतात, त्यांच्या आट्यांना सीलंट लावले नाही तर पाणी बोल्टबरोबर वर येते. आवळणी मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, शेवटी 65 फूट-पाउंडांपर्यंत. साठीच्या दशकापासून बऱ्याच इंजिनांत कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या उंचवट्यांच्या दांड्याच्या) चक्राला नायलॉनचे दात होते. ते तडकून तेलाच्या टाकीत पडतात आणि पंपाची जाळी बुजवतात, म्हणून तिथे पोलादी चक्र घालतात.

हायड्रॉलिक टॅपेटची (कॅम आणि पुशरॉड यांच्यामधल्या, तेलावर चालणाऱ्या भागाची) ढील पाहण्याची रीत जुन्या मेकॅनिकच्या बोटांत असते. पुशरॉड बोटांत फिरवत ठेवून रॉकरचा नट हळूहळू आवळायचा. फिरणे जड झाले की ढील शून्य झाली, त्यानंतर आणखी पाऊण ते एक फेरा. एक नंबरचा पिस्टन स्फोटाच्या वेळी वर असताना 1, 3, 4, 8 चे एक्झॉस्ट आणि 1, 2, 5, 7 चे इनटेक व्हॉल्व्ह असे लावायचे. क्रँक एक फेरा फिरवून सहा नंबर वर आला की उरलेले. फायरिंगचा, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा, क्रम 1-8-4-3-6-5-7-2.

डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरांना ठिणगीची वीज वाटणारा भाग) बसवण्याआधी त्याच्या भोकातून जुन्या डिस्ट्रिब्युटरचा दांडा घालून ड्रिल मशिनने तेलाचा पंप फिरवतात. दाब येऊन सोळाही रॉकरांवर तेल झिरपले की इंजिन आतून ओले झाले असे समजायचे.

पहिल्यांदा सुरू करणे हा जोखमीचा क्षण आहे. सपाट बुडाच्या टॅपेटला टेकणारा कॅमचा लोब (उंचवटा) किंचित निमुळता असतो, त्यामुळे टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो. नव्या कॅमवर तो फिरला नाही तर लोब काही मिनिटांत घासून जातो. म्हणून इंजिन लगेच पेटेल असे ठिणगीचे टायमिंग आधीच लावायचे, उगाच स्टार्टर मारत बसायचे नाही, आणि पेटताच वीस मिनिटे मिनिटाला 2,000 ते 2,500 फेऱ्यांवर ठेवायचे. कॅमला तेल मुख्यतः क्रँकच्या शिंतोड्यांतून मिळते, आयडलिंगवर ते पुरत नाही. शिवाय 2004 पासून पेट्रोल गाड्यांच्या सर्वसाधारण तेलांत जस्त-फॉस्फरसचे संयुग कमी करण्यात आले, कारण ते धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बिघडवते. जुन्या कॅमला तेच संयुग हवे असते, म्हणून त्याचे प्रमाण जास्त असलेले तेल घालावे लागते.

मागची साखळी

1955 पासून शेव्हरोलेने बंद टॉर्क ट्यूब (शाफ्टभोवतीची नळी) सोडून उघडा प्रोपेलर शाफ्ट घेतला, हे दुरुस्तीसाठी फार सोयीचे झाले. दोन्ही टोकांचे क्रॉस (वळणारे सांधे) बदलायला आता मागचा आस उतरवावा लागत नाही. स्वयंचलित गिअरबॉक्सांत दोन वेगांची पॉवरग्लाइड सर्वांत साधी, तर 1969 ची टर्बो-हायड्रामॅटिक 350 तीन वेगांची आणि दणकट.

डिफरन्शियलमध्ये क्राउन-पिनियन (मोठे आणि लहान दातेरी चक्र) घालणे हे घाईचे काम नव्हे. पिनियन किती खोल बसतो हे शिमने (पातळ चकतीने) ठरते. क्राउनच्या दातांना पिवळा रंग लावून चक्र फिरवले की दात कुठे टेकतात ते उमटते. खूण दाताच्या मध्यावर हवी आणि दातांमधली ढील साधारण 0.006 ते 0.010 इंच. चूक झाली की गाडी ठरावीक वेगाला ओरडू लागते. पॉझिट्रॅक्शन (एकच चाक घसरू न देणारे डिफरन्शियल) असेल तर तेलात घर्षण कमी करणारे वेगळे पूरक द्रव्य घालावे लागते, नाहीतर वळणावर आतल्या क्लचच्या चकत्या कटकट करतात.

देखभाल, आणि मुंबईचा धागा

डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची (ठिणगी पाडणाऱ्या संपर्काची) फट नव्या पॉइंटला 0.019 इंच, ड्वेल (तो बंद राहतो तो कोन) 30 अंश. तेल वापर कमी असला तरी वर्षाला एकदा बदलावे.

जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला आणि 1954 मध्ये तो बंद केला. त्यामुळे शिवडीतून निघालेल्या शेव्हरोले गाड्यांत हे व्ही-8 नव्हते, 1929 नंतर त्यांत सहा सिलिंडरांचे सरळ इंजिन असे. भारतातल्या जुन्या शेव्हरोलेत स्मॉल-ब्लॉक दिसला तर तो आयात गाडीतला किंवा नंतर बसवलेला.

अशा इंजिनाला इथे त्रास देते ते इथेनॉल. अमेरिकेत बहुतेक पेट्रोलमध्ये ते 10 टक्क्यांपर्यंत असते, भारतात 2025 पर्यंत ते 20 टक्क्यांवर गेले. जुन्या रबरी नळ्या, पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची गॅस्केटे त्याने फुगतात. पुनर्बांधणी करताना हे सगळे भाग इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालावेत, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवावा.